डायाडेक्टिसची कवळी

बत्तिशीरावांच्या आईला दात नव्हते. ही गोष्ट त्यांनी गल्लीत कुणाला सांगितली नव्हती. पण गल्लीला ती ठाऊक नव्हती, असं काही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या कुणाच्या आईला दात नसते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण बत्तिशीराव कवळ्या करायचे. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या तोंडात दात बसवण्यात घालवलं होतं. कोपऱ्यावरचा शिंपी त्यांच्या दातांनी दोरा तोडायचा. समोरच्या इमारतीतल्या दोघी जावा एकमेकींशी बोलायच्या नाहीत. पण एकमेकींवर ज्या दातांनी दातओठ खायच्या, ते बत्तिशीरावांनीच करून दिलेले होते. अर्धी गल्ली त्यांच्या दातांनी चावत होती, आणि घरात त्यांची आई पाव दुधात बुडवून हिरड्यांनी चघळत बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ते स्वतःच म्हणत. दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी आपण म्हणून टाकलं की टोचत कमी.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पाटीवर प्लास्टरची धूळ इतकी बसली होती की ते कोणी वाचत नसे. बत्तिशीराव हे नाव गल्लीनं दिलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. खरं तर त्यांच्या स्वतःच्या तोंडात पुरती बत्तिशी नव्हती. वरची डावीकडची एक दाढ केव्हाच पडली होती. ती बसवायला वेळ मिळत नाही, असं ते सांगत. खरं कारण असं होतं की दुसऱ्यापुढे तोंड वासून बसायची त्यांना भीती वाटायची.

घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या सुऱ्या, आणि एक पितळी बिजागरीचं यंत्र, ज्यात वरचा आणि खालचा जबडा अडकवून उघडझाप करून बघता येई. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं मालकाचं नाव. दातांचे डॉक्टर मापं पाठवत. बत्तिशीराव त्यात प्लास्टर ओतत, मेणावर दात मांडत, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून सगळं पातेल्यात उकळत ठेवत. हे पातेलं स्वयंपाकघरातलं होतं. त्यावरून संसारात जेवढे वाद झाले तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नाहीत.

"या घरात एवढी तोंडं आहेत," त्यांची बायको फळीकडे बघून म्हणायची, "पण एकानं कधी मला 'बस जरा' म्हटलं नाही."

आईचे शेवटचे दात गेले तेव्हा बत्तिशीरावांनी जाहीर केलं होतं, की ही कवळी आपल्या हातची सगळ्यात चांगली होणार. बैठकीच्या खोलीत आईचा एक जुना फोटो होता. फोटोत आई तिशीची होती. कॅमेऱ्यामागून कोणीतरी काहीतरी म्हणालं असावं आणि नेमक्या त्याच क्षणी ती खळखळून हसली होती. बत्तिशीरावांनी तो फोटो भिंतीवरून काढून टेबलावर उभा केला. त्यातले दात भिंग लावून पाहिले. पुढच्या दोन दातांमधली केसाएवढी फट, सुळ्यांचं टोक, सगळं हुबेहूब आणलं. मागच्या दाढाही तशाच दिल्या, तरण्या, उंच कंगोऱ्यांच्या. कवळी बसवली, आरसा पुढे धरला आणि विचारलं, "कशी दिसते?"

आई कितीतरी वेळ आरशात बघत होती. मग म्हणाली, "छान दिसते."

शेजारणी बघायला आल्या. आजी, फोटोतल्यासारख्या दिसता हो, म्हणाल्या. आई हसली. फोटोतल्यासारखीच हसली. त्या गेल्या, ताटं वाढली गेली, आणि आईनं कवळी काढून मोरीशेजारच्या पेल्यात पाण्यात टाकली.

तेव्हापासून तोच नेम झाला. दारात पाहुणा आला की कवळी तोंडात. पान मांडलं की कवळी पेल्यात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. बत्तिशीरावांनी आईला दाखवायचे दिले होते. खायचे द्यायचे राहून गेले होते, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते तिला म्हणत, सवय कर. शेकडो गिऱ्हाइकांना त्यांनी हेच ऐकवलं होतं. आईपुढे तर दातांच्या कण्या केल्या. आई मान डोलवायची आणि पाव दुधात बुडवायची.

आई वाळत चालली होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या दुधावर भागायचं नाही, चावून खाल्लेलं अन्न पोटात गेलं पाहिजे. तिनं बाहेर जाणंही सोडलं होतं. कोणी जेवायला बोलावलं की तिचे गुडघे दुखायला लागत.

हे सगळं बत्तिशीरावांच्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचलं. ताई दुसऱ्या शहरात राहायची. तिचा फोन आला की बत्तिशीराव तो कानापासून वीतभर लांब धरत.

"गावभर दात वाटत फिरतोस," ताई म्हणाली, "आणि आई उपाशी. महिनाअखेरीला येते मी. तिला घेऊन जाते. आमच्या इथे चांगले डॉक्टर आहेत, ते करतील नवीन. आणि नीट जेवायला लागली की तिथेच राहू दे तिला."

बत्तिशीरावांनी फोन आणखी वीतभर लांब धरला. काय बोलणार? आईला विचारलं तर ती जाते म्हणाली नाही आणि राहतेही म्हणाली नाही. आपली आई आपल्या घरातून जाणार, आणि आपण केलेली कवळी कोण्या परक्या माणसाच्या टेबलावर पडणार, तो ती उलटीसुलटी करून बघणार आणि गालातल्या गालात हसणार. दोन्हींतलं जास्त काय झोंबतंय, याचा बत्तिशीरावांनी विचार केला. उत्तर काही फारसं शोभणारं आलं नाही. म्हणून त्यांनी विचार करायचं सोडून दिलं.

अशात एका सकाळी संग्रहालयाच्या क्युरेटरबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. क्युरेटरबाईंच्या आत्याची कवळी बत्तिशीरावांनी केली होती आणि ती आत्या अजून कडक चिक्की फोडत होती. त्या भरवशावर बाई आल्या होत्या.

त्यांनी टेबलावर टॉवेल उलगडला. आत एक कवटी होती. खरी नव्हे, खऱ्या कवटीची प्लास्टरमधली प्रत. जाडजूड, बसकी, वीतभर लांब. बत्तिशीरावांनी सवयीनं आधी तोंडात पाहिलं.

मगर का, त्यांनी विचारलं. नाही. सरडा? नाही. बेडूक तर नक्कीच नसेल? नाही, पण अगदीच नाही असंही नाही, असं म्हणून बाई खुर्चीत बसल्या. याचं नाव डायाडेक्टिस, त्यांनी सांगितलं. एकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा. चार पायांचा, पिंपासारख्या पोटाचा. नावाचा अर्थ आडवा चावणारा.

"सरपटणारे प्राणी जगात पहिल्यांदा आले ना, त्यांचा हा जवळचा नातेवाईक," बाई म्हणाल्या. "पूर्वज नाही. चुलत घराणं समजा."

"म्हणजे लग्नाच्या फोटोत अगदी कडेला उभा असतो तो."

"तोच. आणि फोटो चौकटीत बसत नाही म्हणून कापतात, तेव्हा पहिला जातो तोही तोच."

बत्तिशीरावांना त्या प्राण्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. ते स्वतः डॉक्टर नव्हते, पण डॉक्टरांच्या चुलत घराण्यातले होते. डॉक्टरांच्या समारंभांना त्यांना बोलावणं असायचं, आणि ओळख करून देताना प्रत्येक जण जरा अडखळायचा.

काम असं होतं. संग्रहालयातल्या शिल्पकारानं या प्राण्याची पूर्ण मूर्ती घडवली होती. नाकापासून शेपटीपर्यंत लांबलचक, रंगवलेली, उत्तम. फक्त उत्साहाच्या भरात त्यानं तिचं तोंड उघडं ठेवलं. मग त्यात दात भरायची वेळ आली आणि त्याचा हात अडला. त्यानं केलेले दात साबणाच्या वड्यांसारखे दिसत होते. महिनाअखेरीला दालन उघडायचं होतं. तोंड मिटायचं तर अख्खं डोकं फोडावं लागणार.

बत्तिशीराव हो म्हणाले. आईच्या बाबतीत गेलेली अब्रू या चुलत घराण्यात तरी भरून निघेल, असं त्यांच्या मनात आलं. असले हिशेब मनात येतात आणि ते खरे धरून माणूस कामाला लागतो.

कवटी त्यांनी खिडकीपाशी उजेडात ठेवली आणि तपासली. पाहिलं आणि चुकचुकले. पुढचे दात पटाशीसारखे चपटे आणि बाहेर आलेले. दाढा रुंदीला आडव्या, एकूण एक झिजलेल्या, काही तर तव्यासारख्या सपाट. अशी तोंडं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. लहानपणी कोणी लक्ष दिलं नाही की अशी गत होते. त्यांनी मनातल्या मनात रोग्याला धीर दिला.

मग त्यांनी जीव ओतला. तयार दातांचे पट्टे इथे उपयोगी नव्हते. एकेक दात मेणात कोरला. बाहेर आलेले दात आत घेतले. दाढांचे झिजलेले कंगोरे पुन्हा उभे केले, टोकदार आणि एकसारखे. रंगासाठी नमुन्यांची पट्टी कवटीजवळ धरून बघितली आणि हस्तिदंती छटा निवडली, फार पांढरी नाही, शोभेल अशी. हिरड्यांना गुलाबी रंग दिला. आणि हाताच्या सवयीनं कवळीला मागून छोट्या तारा लावल्या, म्हणजे धुवायला काढता येईल. एकोणतीस कोटी वर्षांनी ती कोण धुणार, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

बायको चहा घेऊन आली आणि दारात थबकली.

"छान झालेत," ती म्हणाली. "कोणाचे म्हणायचे?"

कवळी घेऊन ते संग्रहालयात गेले. मूर्ती एका उंच चौथऱ्यावर उभी होती. बत्तिशीराव शिडीवर चढले, वरची बसवली, खालची बसवली, अंगठ्यानं दाबली. टक् असा आवाज झाला. त्या आवाजावर त्यांचा फार जीव होता. खाली उतरून ते दोन पावलं मागे सरले.

डायाडेक्टिस त्यांच्याकडे बघून हसत होता. जाहिरातीतला माणूस हसतो तसं.

मग शिल्पकारानं घसा साफ केला.

"बत्तिशीराव," तो म्हणाला, "याच्यासाठी स्थळं बघताय का कुठे?"

क्युरेटरबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात घेतला, पण खांदे हलायचे थांबेनात. बत्तिशीरावही हसले. ती त्यांची जुनी युक्ती होती. हसणाऱ्यांत आपण आधी सामील झालं की कोणी आपल्याला हसतंय असं वाटत नाही. पण या वेळी मात्र तसं वाटलं.

हसू ओसरल्यावर बाईंनी कवटी पुढे घेतली आणि त्यांना जवळ बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दात पुढे आलेत हा दोष नव्हे काका, त्याच दातांनी तो पाला ओरबाडून घेतो. तुम्ही ते आत घेतलेत. आता त्याच्या नाकाला पानं लागतील, दातांना लागायची नाहीत. मग म्हणाल्या, दाढेवर बोट ठेवून बघा.

बत्तिशीरावांनी बोट ठेवलं. दाढ गुळगुळीत होती. नदीतल्या दगडासारखी.

"तुम्ही याला तरुण केलंत," बाई म्हणाल्या.

"बिघडलं काय त्यात?"

"हा म्हातारा होता, काका. आयुष्यभर यानं चिवट पाला आडवा घासून घासून खाल्ला. वरची दाढ खालच्या दाढेवर सरकते, अशी. सपाट आहे म्हणून सरकते. तुमचे दात सुंदर आहेत. मला आवडले. पण त्यांचे कंगोरे एकमेकांत अडकून बसतील. या दातांनी हा उपाशी मेला असता."

बत्तिशीराव काहीतरी विनोद करणार होते. तोंड उघडलंही. पण दातखीळ बसते म्हणतात, ती त्यांनी आजवर दुसऱ्यांची पाहिली होती.

कवटी मांडीवर घेऊन ते बसनं घरी निघाले. टॉवेल घसरला तेव्हा शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला. बत्तिशीरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते टॉवेलाखाली हात घालून त्या दाढेवरून बोट फिरवत होते.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात सपाट दातांचे पट्टे होते. कायमच असायचे. हिरड्या झिजून दोऱ्यासारख्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तेच दात द्यायचे असतात, म्हणजे जबडा आडवा फिरला तरी कवळी उचलत नाही. हे त्यांना पाठ होतं. नव्या डॉक्टरांना ते फोन करून बजावत, की या आजोबांना कंगोऱ्यांचे देऊ नका, सपाट द्या. दुसऱ्यांच्या आयांना त्यांनी बिनचूक सपाट दात दिले होते. स्वतःच्या आईला दिले नव्हते. का, तर सपाट दात म्हातारीचे दिसतात. आणि आई म्हातारी झाली आहे, ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचायची होती. घरी येताच ते त्या खणापुढे उकिडवे बसले, आणि आपण किती मोठे गाढव आहोत याचा अंदाज घेऊ लागले. पटकन लागला नाही.

बाहेरच्या खोलीत आई खिडकीशी बसली होती. तिच्यापुढच्या टेबलावर त्यांनी कवटी ठेवली होती. ते बाहेर आले तेव्हा आईनं टॉवेल बाजूला करून तिच्या तोंडात बोट घातलं होतं.

"कोण रे हा?"

"चुलत घराण्यातला."

"कोणाच्या?"

"सरपटणाऱ्यांच्या."

आईनं मान डोलवली, जणू त्या घराण्याशी येणंजाणं होतं. बोट दाढेवर फिरवत राहिली.

"झिजलेत," ती म्हणाली. "मग याला बरं जेवता येत असेल."

बत्तिशीराव तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"आई, माझ्या कवळीनं तुला नक्की काय होतं?"

आईनं बोट काढून पदराला पुसलं.

"हे आज विचारतोस?"

"रोज विचारत होतो."

"रोज तू विचारायचास, कशी दिसते. मी सांगायची, छान दिसते." तिनं कवटीकडे पाहिलं. "छान दिसतेच की. खोटं कुठे बोलले?"

मग तिनं सांगितलं. फार नाही, दोनचार वाक्यांत. घास मी असा फिरवते, ती म्हणाली, आणि एका तळव्यावर दुसरा तळवा आडवा घासून दाखवला. तुझे दात एकमेकांत रुततात. फिरवायला गेलं की खालची उचलते आणि हिरडीत घुसते. एकदा रक्त आलं. मग मी म्हटलं, पाहुण्यांपुरती घालू.

"सांगायचं नाही का मला?"

"फोटो पुढे ठेवून केलेस रे," आई म्हणाली. "काय सांगायचं?"

बत्तिशीराव उठले आणि पाव घेऊन आले. दुधात न बुडवलेला. एक तुकडा आईच्या हातात दिला आणि समोर बसून नुसतं बघत राहिले. जबडा कुठून कुठे जातो, कुठे थांबतो, कुठल्या बाजूला घास जास्त वेळ राहतो. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो माणसांना हसताना पाहिलं होतं. खाताना कोणाला पाहिलं नव्हतं. मापं यायची, कवळ्या जायच्या. मधे जेवण असतं हे राहून गेलं होतं.

"असा बघू नकोस," आई म्हणाली. "नजर लागेल."

दुसऱ्या दिवशी नव्यानं माप घ्यायला त्यांनी तिला मागच्या खोलीत बसवलं. "आ कर," ते म्हणाले. आईनं तोंड उघडता उघडता सांगितलं, की हे वाक्य त्यांच्या लहानपणी आपण चमचा घेऊन म्हणायचो आणि ते कधीच ऐकायचे नाहीत. मग दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली. एका बाजूला आईचा जबडा पितळी यंत्रात, दुसऱ्या बाजूला डायाडेक्टिस. आईचे पुढचे दात त्यांनी साधे ठेवले, किंचित पिवळसर. डायाडेक्टिसचे बाहेर काढले, पाहिजे तेवढे, आणि आधी आत घेतल्याबद्दल त्याची माफी मागितली. दोघांच्या दाढा सपाट. आईच्या कवळीत दातांमधे निळा कागद धरून तिला आडवं चावायला लावलं. जिथे निळा ठिपका जास्त गडद उमटला तिथे घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं, तोवर सगळीकडे सारखे ठिपके उमटले. शेवटी दोन्ही कवळ्या एकाच पातेल्यात उकळायला गेल्या, कारण दुसरं पातेलं द्यायला बायकोनं साफ नकार दिला.

"कोणाची कुठली ते नीट बघून काढा," ती म्हणाली. "नाहीतर आईंना पाला वाढावा लागायचा."

आईनं आपली कवळी घातली. बत्तिशीरावांनी आरसा उचलला, मग खाली ठेवला आणि सफरचंदाची फोड पुढे केली. आईनं ती घेतली आणि सावकाश, आडवी आडवी, चावत राहिली. गिळल्यावर आई म्हणाली, "आणखी एक दे."

महिनाअखेरीला ताई आली. हातात रिकामी मोठी बॅग होती, आईचे कपडे भरायला. तिनं आल्या आल्या आईच्या तोंडाकडे बघितलं.

"आधीचे बरे दिसत होते," ताई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा बत्तिशीरावांना असल्या वाक्यानं काही वाटलं नाही. म्हणजे, थोडंच वाटलं.

त्याच संध्याकाळी दालनाचं उद्घाटन होतं. सगळे गेले. डायाडेक्टिस चौथऱ्यावर उभा होता आणि आता हसत नव्हता. तोंडात बोकाणा भरायच्या बेतात असलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता, शांत आणि थोडा हावरट. क्युरेटरबाईंनी बत्तिशीरावांकडे बघून मान लववली. तेवढ्यावर त्यांचं भागलं असतं.

पण प्रमुख पाहुणे फोटोसाठी शिडीवर चढले आणि प्राण्याच्या तोंडात हात घालून उभे राहिले. तारांची गोष्ट बत्तिशीरावांना तेव्हा आठवली. सवय ती सवय. दुसऱ्या खेपेलाही त्यांनी त्या लावल्या होत्या. टक् असा आवाज झाला आणि खालची अख्खी कवळी पाहुण्यांच्या हातात आली. पाहुणे दचकले. दचकून त्यांनी दुसरा हात आधी स्वतःच्या तोंडाला लावला.

दालनात जमलेल्या सगळ्यांना पाहुण्यांबद्दल एक नवीन माहिती मिळाली. शिल्पकार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बत्तिशीराव शिडी चढले, कवळी घेतली, बसवली, अंगठ्यानं दाबली आणि पाहुण्यांना हळूच म्हणाले, "घाबरू नका, तुमची घट्ट आहे. मीच केलीय."

खाली उतरले तेव्हा त्यांना आई दिसेना. ती खाण्याच्या टेबलापाशी होती. बशीत फळांच्या फोडी, बिस्किटं, पावाचे भाजलेले तुकडे. आई चार अनोळखी बायकांच्या घोळक्यात उभी राहून पावाची कड खात होती. बोलत होती, चावत होती, पुन्हा बोलत होती. जबडा आडवा फिरत होता. ताई थोड्या अंतरावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. ताईच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

बत्तिशीराव तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग ताई म्हणाली, "बॅग उगाच आणली म्हणायची."

बत्तिशीरावांना वाटलं, जिंकलो.

घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, की उद्या ती ताईबरोबर जाणार.

बत्तिशीरावांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग ताईकडे. त्या दोघींनाही काही माहीत नव्हतं.

"आता कशाला?" ते म्हणाले. "आता तर जेवता येतंय."

"म्हणून तर," आई म्हणाली. "किती दिवस झाले, मी कुणाकडे गेले नाही. ताईकडे जावंसं वाटायचं. तिच्या शेजारणी, तिची सून, सगळ्या पंगतीला बसणार आणि मी त्यांच्यात हिरड्यांनी चोखत बसू? गुडघे दुखतात म्हणायचे." ती उठली आणि ताईची रिकामी बॅग ओढून घेतली. "गुडघे चांगले आहेत माझे."

आईला घरात ठेवण्यासाठी बत्तिशीरावांनी जिवाचं रान केलं होतं. आणि त्या कवळीच्या जोरावरच आई निघाली होती. यात हसावं की रडावं, हे त्यांना कळेना. आपले दात आपलेच ओठ. ते बॅग भरायला मदत करू लागले.

आई गेली. मोरीशेजारच्या पेल्यात फोटोतली कवळी राहिली. ती तिनं मुद्दाम नेली नव्हती. बत्तिशीरावांनी ती धुतली, पुसली आणि फोटोच्या चौकटीखाली ठेवली. बायको म्हणाली, आलेगेले घाबरतील. मग त्यांनी ती खणात ठेवली.

अधूनमधून ते संग्रहालयात जात. चौथऱ्यावर पाटी होती. त्यावर लिहिलं होतं, की हा पहिल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा जवळचा नातेवाईक. दातांचा उल्लेख नव्हता. कोणी उभं राहून बघत असलं की बत्तिशीराव जवळ सरकत आणि सहज म्हणत, "याचे दात माझे." माणूस आधी प्राण्याच्या तोंडात बघायचा, मग त्यांच्या. त्यांना ती पडलेली दाढ आठवायची आणि ते तोंड मिटून घ्यायचे.

पंधरवड्यानं आईचा फोन आला. तिकडे मजेत होती. वजन वाढलं होतं. एका लग्नात दोनदा वाढून घेतलं होतं. शेवटी म्हणाली, खालची जराशी सैल वाटते रे.

गिऱ्हाइकाची ही तक्रार आली की बत्तिशीरावांचा दिवस खराब जायचा. आज ते स्टुलावरून उठून उभे राहिले.

"इकडे ये. दाखव मला."

"दाखवायला येऊ की खायला?" आईनं विचारलं.

"राहायला," बत्तिशीराव म्हणाले.

पलीकडे आई काहीतरी चावत होती. तो आवाज फोनमधून स्पष्ट येत होता. आडवा, सावकाश. तिचा घास संपेपर्यंत ते थांबले.

"बघू," ती म्हणाली. "रविवारी."

फोन ठेवल्यावर बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, ती कवळी तुम्ही मुद्दाम सैल केली होती की काय. फळीवरच्या जबड्यांकडे तोंड करून बत्तिशीराव पूर्ण बत्तिशी दाखवून हसले. म्हणजे एक कमी.